हातकागदाच्या कार्डावर उष्णतेने उठाव : हीट गन, पावडर आणि नंदुरबारची हवा



आजच्या व्याख्यानाचा विषय लहान आहे. हाताने केलेल्या कार्डावर एम्बॉसिंग पावडर टाकायची, तिला हीट गनची गरम हवा द्यायची आणि अक्षरं किंवा नक्षी कागदावर उठून येईल असं करायचं. एका कार्डाला मिनिटभर पुरतं. मग यावर व्याख्यान कशाला? कारण ज्या मिनिटात हे काम होतं, त्याच मिनिटात ते बिघडतंही. आणि बिघडतं तेव्हा नुसती चिमूटभर पावडर वाया जात नाही. कागद कापलेला असतो, घडी घातलेली असते, रंग भरलेला असतो. त्या कार्डावरची सगळी मेहनत जाते. जी बाई किंवा जो मुलगा या कामावर चार पैसे मिळवू पाहतो, त्याच्यासाठी ही बाब लहान नाही.

उदाहरणासाठी आम्ही नंदुरबार जिल्हा घेतला आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून हा वेगळा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी असे सहा तालुके. मे महिन्यात तापीकाठच्या सपाटीवर पारा चाळिशी ओलांडतो. पावसाळ्यात नवापूरकडे आणि सातपुड्याच्या डोंगरात हवा इतकी दमट होते की कपाटातला कागदही मऊ पडतो. हिवाळ्यात नंदुरबारच्या आसपास उघड्या माळावर लाल मिरची वाळत घातलेली दिसते, म्हणजे हवा किती कोरडी असेल बघा. पावडरच्या डबीवर जी सूचना छापलेली असते, ती कुठल्यातरी बंद, थंड खोलीतल्या माणसासाठी लिहिलेली असते. ती इथे जशीच्या तशी लागू पडत नाही. इथे काय करायचं, हे आज आपण पाहणार आहोत.

उठाव म्हणजे काय?

आधी एक घोळ दूर करू. एम्बॉसिंग हा शब्द आपल्याकडे दोन अगदी वेगळ्या गोष्टींना वापरतात. पहिली गोष्ट दाबाची. दोन साच्यांमध्ये कागद दाबला की कागदच वर येतो. रंग नाही, शाई नाही. काही दाखल्यांवर बोटाला लागणारा बिनरंगाचा गोल शिक्का असतो, तो हा. दुसरी गोष्ट उष्णतेची. इथे कागद जागचा हलत नाही. त्याच्यावर वितळलेल्या पदार्थाचा एक थर बसतो, तो थंड होऊन घट्ट होतो आणि बोटाला लागतो.

ही दुसरी पद्धत तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे. लग्नपत्रिकेवर चकचकीत, किंचित फुगलेली अक्षरं असतात ना, ती बरेचदा अशीच केलेली असतात. छापखान्यात ओल्या शाईवर पावडर पडते, जास्तीची पावडर यंत्र ओढून घेतं आणि पत्रिका पट्ट्यावरून तापलेल्या भागाखालून पुढे सरकते. आपण घरी करतो ते हेच, फक्त पट्ट्याच्या जागी आपला हात आणि भट्टीच्या जागी हीट गन.

ओल्या शाईवर काहीतरी भुरभुरवून ते झटकून टाकण्याची कल्पना तर आपल्याकडे फार जुनी. मोडी कागदपत्रं लिहिणारे लेखनिक शाई टिपण्यासाठी बारीक वाळू टाकत. फरक एवढाच, की वाळूचं काम शाई टिपून संपायचं आणि पावडरचं काम शाईला चिकटून सुरू होतं.

पावडरचं काय होतं?

पूर्वी अशा छपाईला झाडापासून मिळणारी राळ दळून वापरत. आताची पावडर प्लास्टिकच्या कुळातली असते. तिचा गुण असा, की तापली की मऊ होते, वितळते, आणि थंड झाली की पुन्हा घट्ट होते. जळत नाही, फक्त रूप बदलते.

गरम हवा लागली की सुरुवातीला काहीच होत नाही. दाणे तसेच, साखरेसारखे रवाळ आणि निस्तेज दिसतात. मग एका टोकाला अचानक चकाकी येते. दाणे एकमेकांत मिसळतात, आणि पाण्याचा थेंब जसा स्वतःला गोल करून घेतो तसा हा वितळलेला थर वरून गोलसर होतो. आपल्याला हवा असलेला उठाव तो हाच. इथे थांबायचं.

नाही थांबलो तर काय? पावडर आणखी पातळ होते आणि कागदात मुरते. उठाव बसतो, रेषा तेलकट आणि सपाट दिसते, कधी बुडबुडे येतात. त्याच्याही पुढे गेलो तर कागद पिवळा पडतो, वाकतो, करपतो. उलट कमी उष्णता दिली, तर रेषा खरखरीत राहते आणि नखाने खरवडली की दाणे सुटतात.

ज्यांनी खानदेशी बिबडे भाजलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. बिबडं निखाऱ्यावर धरलं की एका जागी ठेवत नाहीत, फिरवत राहतात. रंग पालटला की लगेच उचलतात. घड्याळ बघून कोणी बिबडं भाजत नाही. इथेही तसंच. दहा सेकंद की पंधरा, हे कागद, पावडर आणि त्या दिवशीची हवा ठरवते. आपण चकाकीकडे बघायचं.

थोडक्यात सांगायचं, तर उष्णता पावडरला द्यायची असते, कागदाला नाही. पुढची प्रत्येक सूचना याच एका वाक्यातून निघते.

कोणतं साधन?

बरेच जण विचारतात, घरात हेअर ड्रायर आहे, तो चालेल का? नाही चालत. त्याची हवा जोरात येते, पण पुरेशी तापलेली नसते. पावडर वितळण्याआधी उडून जाते. दुसऱ्या टोकाला रंगकाम करणाऱ्यांची मोठी हीट गन आहे, जुना रंग खरवडण्यासाठी असते ती. ती १५०० ते २००० वॅटची असते आणि तिची हवा ५०० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते. कागद साधारण २३० अंशांच्या आसपास पेट घेतो. म्हणजे ती जवळ धरली तर काय होईल, ते सांगायला नको. वापरायचीच तर सर्वांत कमी आचेवर आणि बऱ्याच लांबून.

कार्डाच्या कामासाठी छोटी हीट गन मिळते. ती साधारण ३०० वॅटची असते, हवा हळू सोडते आणि पुरेशी तापवते. तीनशे वॅट हा आकडा आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. सातपुड्यातल्या पाड्यांवर विजेचा भरवसा नसतो. घरगुती इन्व्हर्टर चांगल्या स्थितीत असेल तर एवढा भार थोडा वेळ पेलतो. मोठी गन त्यावर चालणार नाही.

आणि वीज नसेलच तर? तापलेली इस्त्री किंवा तवा वापरता येतो. कार्ड त्याच्यावर टेकवायचं नाही. चिमट्यात धरून पृष्ठभागाच्या थोडं वर, पावडरची बाजू वर ठेवून फिरवायचं. खालून ऊब लागते आणि पावडर वितळते. याला हात बसावा लागतो, पण यात वाऱ्याने पावडर उडण्याचा प्रश्नच नाही. मात्र यासाठी जुना तवा वेगळा काढा. ज्यावर पावडर सांडते त्या तव्यावर पुन्हा भाकरी करायची नाही. आणि उघड्या ज्योतीवर, चुलीवर किंवा गॅसवर कार्ड धरायचं नाही, कधीच नाही.

कागद

हातकागद आपल्या भागाला परका नाही. दौलताबादजवळचं कागजीपुरा, पुणे जिल्ह्यातलं जुन्नर आणि आपल्या खानदेशातलं एरंडोल ही हातकागदाची जुनी गावं. एरंडोलच्या जाड्याभरड्या देशी कागदाची नोंद इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्येही आहे. गिरणीचा कागद आला आणि हे धंदे मागे पडले. गांधीजींच्या पुढाकाराने १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याने वर्ध्याला हातकागदाचं काम पुन्हा हाती घेतलं. पुण्यात १९४० साली के. बी. जोशी यांनी हातकागद संस्था उभी केली.

हा कागद बहुधा सुती चिंध्यांचा, होजिअरीच्या कापलेल्या तुकड्यांचा असतो. लाकडाच्या लगद्यात लिग्निन नावाचा पदार्थ असतो, त्यामुळे वर्तमानपत्राचा कागद लवकर पिवळा पडतो. सुती कागदात तो जवळजवळ नसतो. म्हणून उष्णतेच्या कामाला सुती हातकागद चांगला.

पण त्याच्या दोन अडचणी आहेत. पहिली, तो खडबडीत असतो. शिक्क्याची शाई खळग्यात पोचत नाही आणि रेषा तुटक येते. म्हणून घोटलेला, गुळगुळीत पृष्ठभागाचा हातकागद मागा. दुसरी, तो शाई पितो. खळ कमी असलेल्या कागदावर शाई क्षणात मुरते आणि पावडर चिकटायला ओल उरत नाही. कागद घेण्याआधी कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाकून बघा. थेंब काही वेळ तसाच उभा राहिला तर कागद कामाचा. जाडी २०० ते ३०० जीएसएम असावी. पातळ कागद तापला की लगेच वळतो.

कृती

आता क्रमाने बघू.

एक. कोरड्या कार्डावर टाल्कम पावडरची छोटी पुरचुंडी हलकेच फिरवा. मलमलच्या तुकड्यात चमचाभर पावडर बांधली की झालं. यामुळे हाताचा घाम, तेल आणि कोरड्या हवेतली स्थिर वीज यांनी पावडर नको तिथे चिकटत नाही.

दोन. शिक्का उठवा. शाई सावकाश वाळणारी हवी. कचेरीतल्या शिक्क्याचा साधा पॅड हातकागदावर फार लवकर मुरतो. एम्बॉसिंगचा पॅड मिळाला नाही तर औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन, त्यात किंचित पाणी आणि थोडा जलरंग असं मिश्रण स्पंजावर घेऊन वापरता येतं. ग्लिसरीन हवेतली ओल धरून ठेवतं, म्हणून ते लवकर सुकत नाही.

तीन. लगेच पावडर टाका, भरपूर टाका. कार्डाखाली घडी घातलेला कागद असू द्या. जास्तीची पावडर त्यावर झटका आणि घडीच्या पन्हळीतून परत डबीत ओता. कार्डाच्या पाठीला एक टिचकी मारा. इकडेतिकडे राहिलेले दाणे कोरड्या, बारीक कुंचल्याने काढा. जो दाणा राहील तो वितळेल, आणि मग निघणार नाही.

चार. हीट गन कार्डापासून दूर धरून दहा-पंधरा सेकंद तापू द्या. ही पायरी बरेच जण गाळतात. थंड गन कार्डावर धरली तर आधी वारा लागतो, पावडर हलते, आणि गन तापेपर्यंत कागद विनाकारण सुकत राहतो.

पाच. कार्ड कपड्याच्या लाकडी चिमट्यात धरा, बोटात नको. गन तीन-चार सेंटिमीटरवर, जरा तिरकी धरा. शक्यतो आधी खालून, कागदाच्या पाठीकडून उष्णता द्या. दाणे मऊ होऊन जागेवर बसले की मग वरून. चकाकी आली की पुढे सरका. एका जागी रेंगाळू नका.

सहा. गार होईपर्यंत बोट लावायचं नाही, एकावर एक रचायचं नाही.

टिकल्या, मणी, रिबीन, डिंक हे सगळं उष्णतेनंतर. आणि घडीच्या रेषेवर उठाव घेऊ नका. थर घट्ट असतो, घडी पडली की तडकतो.

नक्षीबद्दल एक शब्द. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीत नाचणाऱ्यांच्या डोक्यावर मोरपिसांचा टोप असतो. मोरपीस कार्डावर सुंदर दिसतं. पण त्याचे सगळे तंतू बारीक रेषांनी कोरले, तर वितळलेल्या रेषा एकमेकींत मिसळून गोळा होतो. तेव्हा डोळा, देठ आणि मोजक्या जाड रेषा घ्या, मधे मोकळी जागा ठेवा. बाकीचे तंतू नंतर पेनाने काढता येतात.

नंदुरबारचे तीन ऋतू

उन्हाळ्यात शाई पटकन सुकते. शिक्का उठवून दुसऱ्या कामाकडे वळलात की संपलं. एका वेळी एकच कार्ड शाई ते उष्णता असं पुरं करा, पंखा बंद ठेवा, आणि काम सकाळी लवकर उरका. तयार कार्डं पत्र्याच्या पेटीत, पत्र्याच्या छपराखाली ठेवू नका. ऊन आणि दाब एकत्र आला की थर समोरच्या कार्डाला चिकटण्याची भीती असते. दोन कार्डांमध्ये बटर पेपर घाला.

पावसाळ्यात उलटं. कागदच ओलसर असतो, पावडर सगळीकडे चिकटते आणि गुठळ्या होतात. आधी कोरा कागद गनने हलका सुकवून घ्या, गार होऊ द्या, मग पुरचुंडी फिरवा, मग शिक्का. पावडरची डबी घट्ट बंद ठेवा.

हिवाळ्यात हवा कोरडी, म्हणून स्थिर वीज जास्त. स्वेटरच्या बाहीला कार्ड घासलं तरी पावडर उड्या मारते. पुरचुंडी इथे सगळ्यात उपयोगी.

हिशेब

हिशेब समजावा म्हणून आम्ही सोपे आकडे घेतो. समजा एका कार्डाचा खर्च २० रुपये, विक्री ५० रुपये, आणि वेळ पंधरा मिनिटं. शंभर कार्डांना खर्च २,००० रुपये, विक्री ५,०००, उरले ३,०००. वेळ पंचवीस तास. म्हणजे तासाला १२० रुपये. त्यातली दहा कार्डं शेवटच्या मिनिटात करपली, तर विक्री ४,५००, उरले २,५००, आणि तासाला १००. शंभरात दहा गेली तर मजुरीचा सहावा हिस्सा गेला. आणि विजेचं म्हणाल, तर ३०० वॅटची गन प्रत्येक कार्डाला चाळीस सेकंद चालली, तरी शंभर कार्डांना युनिटचा तिसरा हिस्सा लागतो. तेव्हा वीज वाचवण्यासाठी घाई करण्यात अर्थ नाही. वाचवायची आहेत ती कार्डं.

म्हणून आमचं सांगणं, की प्रत्येक नव्या कागदाचे आणि प्रत्येक नव्या डबीचे दोन-तीन तुकडे आधी जाळून बघा. मुद्दाम जास्त तापवा. कुठे चकाकी येते आणि कुठे थर मुरतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की हात शिकतो.

बचत गटात हे काम करत असाल तर सुरक्षेचे नियम भिंतीवर लिहून लावा. खिडकी उघडी, पण वाऱ्याचा झोत अंगावर नको. पदर खोचलेला, केस बांधलेले. बंद केलेल्या गनचं तोंड बराच वेळ तापलेलं राहतं, ती लाकडावर किंवा कापडावर ठेवायची नाही. फरशीचा तुकडा जवळ ठेवा. लहान मुलं दूर. भाजलं तर बराच वेळ गार वाहतं पाणी, टूथपेस्ट वगैरे काही नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : चुकून दाणे राहिले आणि वितळले, तर काढता येतात का?

उत्तर : एखादा ठिपका असेल तर गार झाल्यावर धारदार पात्याच्या टोकाने अलगद उचलून बघा. गुळगुळीत कागदावरून कधी निघतो. खडबडीत कागदावर तंतूच उपटले जातात. तिथे तो ठिपका नक्षीत सामावून घेणं बरं.

प्रश्न : उठाव जास्त उंच कसा आणायचा?

उत्तर : पहिला थर गरम असतानाच त्यावर पुन्हा पावडर टाका आणि पुन्हा वितळवा. दोन-तीन थर देता येतात. पण प्रत्येक थराला कडा थोड्या पसरतात, म्हणून हे जाड अक्षरांनाच शोभतं.

प्रश्न : दृष्टिहीन मैत्रिणीला असं कार्ड द्यायचं आहे. ब्रेल या पद्धतीने लिहिता येईल का?

उत्तर : चांगला प्रश्न. ब्रेलचा ठिपका साधारण अर्धा मिलिमीटर उंच असतो आणि शेजारच्या ठिपक्यापासून सुमारे अडीच मिलिमीटरवर असतो. पावडरचा एक थर तेवढा उंच होत नाही, आणि थर वाढवले तर ठिपके पसरून एकमेकांकडे सरकतात. तेव्हा ब्रेल मजकूर पाटी आणि टोच्यानेच काढा. पण चित्र मात्र या पद्धतीने जरूर करा. मोरपिसाची बाह्यरेषा, एखादं मोठं पान बोटांना छान कळतं. देण्याआधी डोळे मिटून स्वतः बोट फिरवून बघा. तुम्हाला कळलं नाही, तर ती नक्षी सोपी करायला हवी.

वेळ संपत आली आहे. उरलेले प्रश्न लिहून पाठवा, आम्ही त्यांची उत्तरं देऊ.